सदतीस लाख मतदारांचा एक खासदार

हैदराबाद शहराच्या उत्तर आणि पूर्व अंगाला पसरलेला मल्काजगिरी हा लोकसभेचा मतदारसंघ. २०२४ च्या निवडणुकीत त्याच्या मतदारयादीत सुमारे ३७ लाख ८० हजार नावे होती. देशातल्या ५४३ मतदारसंघांपैकी एवढी मोठी यादी दुसऱ्या कुठल्याच मतदारसंघाची नव्हती. या सगळ्यांच्या वतीने लोकसभेत बसतो एकच खासदार.

हा आकडा डोळ्यांपुढे आणण्यासाठी एक हिशेब करून पाहू. समजा, निवडून आलेल्या खासदाराने ठरवले की आपल्या प्रत्येक मतदाराला एक मिनिट द्यायचे. रोज बारा तास भेटीगाठी, वर्षभरात एकही सुट्टी नाही. सगळ्यांना भेटून व्हायला ५,२५० दिवस लागतील, म्हणजे चौदा वर्षांहून जास्त. लोकसभेची मुदत पाच वर्षांची. शेवटच्या मतदाराचा नंबर लागेपर्यंत दोन निवडणुका होऊन गेलेल्या असतील आणि तिसरी तोंडावर आलेली असेल.

आता गोव्याकडे पाहा. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे सुमारे साडेअकरा लाख मतदार होते आणि आमदार ४०. एका आमदारामागे साधारण २९ हजार मतदार. मिनिटाच्या हिशेबाने गोव्याचा आमदार चाळीस दिवसांत सगळ्यांना भेटून मोकळा होतो. अख्ख्या गोव्याचे मतदार मल्काजगिरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि गोव्याला खासदार मात्र दोन.

छोट्या राज्यांना घटनेनेच थोडे झुकते माप दिले आहे, म्हणून ही तुलना क्षणभर बाजूला ठेवू आणि एकाच राज्यात पाहू. गच्चीबावली, माधापूर, कोंडापूर, मियापूर ही हैदराबादची नवी आयटी वस्ती शेरिलिंगमपल्ली विधानसभा मतदारसंघात येते. नांदेड-लातूरपासून पुण्या-नागपूरपर्यंतची कितीतरी मराठी कुटुंबे इथे घर करून राहिली आहेत. २०२३ च्या निवडणुकीत इथल्या यादीत सुमारे ७ लाख ३२ हजार मतदार होते. त्याच दिवशी, त्याच विधानसभेसाठी गोदावरीकाठच्या भद्राचलममध्ये मतदान झाले, तिथली यादी १ लाख ४८ हजारांच्या आसपास होती. म्हणजे भद्राचलमच्या एका मताला शेरिलिंगमपल्लीच्या जवळजवळ पाच मतांचे वजन. भद्राचलम हा जंगलातल्या, विखुरलेल्या पाड्यांचा आदिवासी राखीव मतदारसंघ आहे आणि २०१४ मध्ये पोलावरम धरणासाठी त्याचा काही भाग आंध्रात गेला. तिथे संख्या कमी असण्याला कारण आहे. पण पाचपट फरकाला हे कारण पुरत नाही.

असे फक्त तेलंगणातच घडते असे समजू नये. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मतदार होते आणि मुंबईच्या वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. चिंचवडच्या मतदाराच्या हातात वडाळ्याच्या मतदाराच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याचे मत आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की राजकारणात आपण एक व्यक्ती, एक मत आणि एक मत, एक मूल्य हे तत्त्व स्वीकारत आहोत. या वाक्याचा पहिला भाग आपण पाळला. दुसरा भाग पाळायचा तर ठरावीक वर्षांनी लोक मोजून मतदारसंघांच्या रेषा नव्याने ओढाव्या लागतात. ते काम कोण करतो आणि किती वर्षांनी करतो, यावर मताचे मोल ठरते. हैदराबादच्या गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाची जवळपास सगळी रूपे पाहायला मिळतात.

१९७१ ला थांबलेले घड्याळ

१९७१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ५४ कोटी ८० लाखांच्या आसपास होती. तिच्यावरून जागा वाटल्या तेव्हा एका खासदारामागे साधारण दहा लाख लोक आले. तमिळनाडूत साडेदहा लाख, महाराष्ट्रात साडेदहा लाख, केरळमध्ये १० लाख ७० हजार, राजस्थानात १० लाख ३० हजार. इतक्या मोठ्या देशात एवढी बरोबरी साधणे ही लहान गोष्ट नव्हती.

१९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्याराज्यांतले जागांचे वाटप १९७१ च्या आकड्यांवर गोठवले गेले. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. जी राज्ये कुटुंबनियोजन नीट राबवतील त्यांच्या जागा घटू नयेत. ही मुदत २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत होती. ती आली तेव्हा ८४ व्या घटनादुरुस्तीने घड्याळ पुन्हा थांबवले गेले, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत.

मधल्या काळात लोक थांबले नाहीत. २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटींवर गेला आणि जागा तेवढ्याच राहिल्या. आता राजस्थानात एका खासदारामागे २७ लाख ४० हजार लोक होते, बिहारमध्ये २६ लाख, उत्तर प्रदेशात २५ लाख, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, तेलंगणात २० लाख ६० हजार, तमिळनाडूत साडेअठरा लाख आणि केरळमध्ये १६ लाख ७० हजार. चाळीस वर्षांपूर्वी एका रेषेत उभी असलेली राज्ये अशी पांगली.

याच ५४३ जागा २०११ च्या लोकसंख्येवर साध्या त्रैराशिकाने वाटल्या तर उत्तर प्रदेश ८० वरून ९० वर जातो, बिहार ४० वरून ४७ वर, राजस्थान २५ वरून ३१ वर. महाराष्ट्राला ४८ च्या ५० मिळतात. तमिळनाडू ३९ वरून ३२ वर येतो, आंध्र २५ वरून २२ वर, केरळ २० वरून १५ वर आणि तेलंगणाची एक जागा कमी होते. दक्षिणेच्या मनातली भीती या आकड्यांत आहे आणि ती खोटी नाही. राजस्थानातल्या मतदाराची तक्रारही तितकीच खरी आहे. दोन न्याय्य मागण्या समोरासमोर उभ्या आहेत. अर्धे शतक निर्णय पुढे ढकलल्याने त्यांच्यातली दरी रुंदावत गेली.

मल्काजगिरीची गोष्ट याच्याही पुढची आहे. राज्यांच्या जागा गोठलेल्या असल्या तरी राज्याच्या आतल्या रेषा २००१ च्या जनगणनेवरून बदलायला ८७ व्या घटनादुरुस्तीने परवानगी दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ते काम केले आणि २००८ मध्ये नवे मतदारसंघ लागू झाले. मल्काजगिरी, शेरिलिंगमपल्ली, कुकटपल्ली, कुतुबुल्लापूर, उप्पल हे सगळे त्याच फेरीत जन्मले. तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशाच्या सरासरीने लोकसभेच्या एका मतदारसंघात २००१ चे सुमारे १८ लाख लोक यायला हवे होते. २००९ मध्ये मल्काजगिरीत पहिली निवडणूक झाली, तेव्हा नुसत्या मतदारांचीच संख्या २३ लाखांच्या पुढे गेली होती. रेषेची शाई वाळण्याआधीच शहर तिच्या बाहेर वाढले होते. २०१९ मध्ये यादी साडेएकतीस लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये पावणेअडतीस लाखांवर.

एका सभागृहाची बदलती संख्या

हैदराबादच्या पब्लिक गार्डनला लागून पांढऱ्या घुमटांची एक इमारत आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त टाउन हॉल म्हणून ती बांधायला घेतली आणि १९१३ मध्ये पुरी झाली. पुढे तीच विधानसभा झाली. या सभागृहाच्या आकड्यांत दक्खनचा राजकीय इतिहास वाचता येतो, आणि त्यातले एक पान आपले, मराठी माणसांचे आहे.

१९५२ मध्ये हैदराबाद राज्याची पहिली निवडणूक झाली. १४२ मतदारसंघांतून १७५ आमदार निवडून आले, कारण ३३ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्या राज्यात होते. सभागृहाचे अध्यक्ष होते काशिनाथराव वैद्य. बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात दिगंबरराव बिंदू, देवीसिंह चौहान, फूलचंद गांधी ही मराठवाड्याची मंडळी होती. एकाच छताखाली तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदीत भाषणे होत. राज्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख, म्हणजे एका आमदारामागे एक लाखाहून थोडे अधिक लोक.

याच सभागृहापुढे १९५५ च्या अखेरीस स्वतःचेच विसर्जन करण्याचा प्रश्न आला. राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात सुचवले होते की तेलंगण काही वर्षे हैदराबाद राज्य म्हणून वेगळे ठेवावे आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने कौल दिला तरच ते आंध्रात विलीन करावे. सभागृहात चर्चा झाली. १७४ पैकी १४७ सदस्यांनी आपले मत मांडले आणि त्यांतल्या १०३ जणांनी विलीनीकरणाला अनुकूलता दाखवली. त्यात मराठी आणि कानडी भागांतले आमदारही होते, ज्यांचे जिल्हे दुसऱ्याच राज्यांत जाणार होते. ठरावावर प्रत्यक्ष मतदान झालेच नाही. दोन तृतीयांशाची अट आणि पाच-सहा वर्षांची वाट, दोन्ही मागे पडल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला.

आंध्र प्रदेशाची विधानसभा १९५७ मध्ये ३०१ सदस्यांची झाली, पुढे ३००, मग २८७ आणि १९७८ पासून २९४. २००८ च्या फेरआखणीनंतर या २९४ मध्ये तेलंगणाचे ११९ आणि उरलेल्या भागाचे १७५ झाले. वेगळ्या राज्याच्या मागणीचे गणित या दोन आकड्यांत अडकले होते. ११९ जणांनी एकमुखाने मागितले तरी १७५ जणांच्या इच्छेविरुद्ध सभागृहात काहीही मंजूर होऊ शकत नव्हते.

२०१४ च्या जानेवारीत ते उघड दिसले. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक राष्ट्रपतींनी विधानसभेकडे मत मागवण्यासाठी पाठवले. आमदारांनी त्यावर नऊ हजारांहून अधिक दुरुस्त्या दिल्या. एकेका दुरुस्तीला एक मिनिट दिले असते तरी रोज आठ तासांच्या कामकाजात एकोणीस दिवस केवळ त्या पुकारण्यात गेले असते. ३० जानेवारी २०१४ रोजी विधेयक फेटाळण्याचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. दुरुस्त्या कागदावर राहिल्या. विधानसभेचे मत संसदेवर बंधनकारक नसते, त्यामुळे फेब्रुवारीत लोकसभेने आणि राज्यसभेने विधेयक मंजूर केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. ज्या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी वर्षानुवर्षे रस्ते भरून टाकले, त्यावर विधानसभेत कोण कुठे उभे होते हे नावानिशी नोंदवले गेले नाही. मतविभाजन, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागण्याची आणि ते देण्याची परंपरा जपायला हवी असे मला कळकळीने वाटते ते यासाठी. आवाज विरून जातो, मतविभाजनाची यादी नातवंडांनाही वाचता येते.

राज्य तुटल्यावर एक आकडा चुपचाप बदलला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याची १९७१ ची लोकसंख्या आमदारसंख्येने भागून त्याला पुन्हा हजाराने भागतात. संयुक्त आंध्रच्या आमदाराचे मूल्य १४८ होते. विभाजनानंतर तेलंगणाच्या आमदाराचे १३२ झाले आणि आंध्रच्या आमदाराचे १५९. महाराष्ट्राचे १७५, उत्तर प्रदेशाचे २०८, सिक्कीमचे ७. शेरिलिंगमपल्लीचा आमदार सव्वासात लाखांच्या वर मतदारांचा आणि भद्राचलमचा दीड लाखाच्या आतला, पण दोघांचेही मूल्य १३२ च.

११९ चे १५३ कधी?

विभाजनाच्या कायद्यातच कलम २६ आहे. तेलंगणाच्या जागा ११९ वरून १५३ कराव्यात आणि आंध्रच्या १७५ वरून २२५, असे त्यात म्हटले आहे. दोन्ही मिळून ८४ नवे आमदार. पण त्या कलमाला घटनेच्या १७० व्या अनुच्छेदाची चौकट आहे, आणि तो अनुच्छेद २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत थांबायला सांगतो. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने मे २०२२ मध्ये जागा ८३ वरून ९० केल्या होत्या. तिथे शक्य, मग इथे का नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. जम्मू-काश्मीर हा केंद्रशासित प्रदेश असल्याने १७० वा अनुच्छेद त्याला लागू होत नाही, राज्यांना होतो, असे उत्तर मिळाले.

त्याआधी, २७ मार्च २०२५ रोजी, तेलंगण विधानसभेने केवळ लोकसंख्येच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना करण्याच्या विरोधात ठराव केला आणि त्याच ठरावात विधानसभेच्या जागा १५३ करण्याचीही मागणी केली. दिल्लीतला आपला वाटा घटू नये आणि हैदराबादेतला प्रतिनिधी लोकांच्या जवळ यावा, या दोन्ही इच्छा रास्त आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. घटनेची अट त्या जनगणनेने पुरी होते, आणि थांबलेले घड्याळ तिथून पुढे चालवावे लागणार आहे.

शंभर आणि बारा

अमेरिकेत याच प्रश्नावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोठे रण माजले. टेक्सासच्या विधिमंडळाने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ३८ मतदारसंघांचा नकाशा दशकाच्या मध्येच नव्याने आखायला घेतला. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढवून मिळाव्यात हा हेतू उघड बोलला जात होता. तिथल्या कनिष्ठ सभागृहात १५० सदस्य आहेत आणि गणपूर्तीला दोन तृतीयांश, म्हणजे १०० हजर लागतात. पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून निघून गेले आणि सभागृह दोन आठवडे ठप्प झाले. ते परतल्यावर नकाशा मंजूर झाला. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन उलट दिशेचा नकाशा आणला.

हैदराबादच्या विधानसभेत अशी कोंडी करता येत नाही. घटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे गणपूर्तीला एक दशांश सदस्य पुरतात. ११९ चे एक दशांश १२. महाराष्ट्रात २८८ पैकी २९. म्हणजे तेलंगणात १०७ आमदार सभात्याग करून गेले तरी कामकाज चालू राहू शकते. आपल्याकडे विरोधक हौद्यात उतरतात, घोषणा देतात, निलंबित होतात, बाहेर पायऱ्यांवर बसतात. पण बाहेर जाण्याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे संख्येची लढाई सभागृहाऐवजी आमदारांच्या अवतीभोवती लढली जाते. २०१८ मध्ये कर्नाटकाचे आणि २०२४ मध्ये झारखंडचे आमदार फुटू नयेत म्हणून हैदराबादच्याच हॉटेलांत आणि रिसॉर्टांत ठेवले गेले होते.

गणपूर्तीचा हा १२ आकडा याच विधानसभेत दुसऱ्या कारणानेही गाजला. डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसचे १९ आमदार निवडून आले. त्यांतल्या एकाने खासदार झाल्यावर राजीनामा दिला, उरले १८. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर त्यांना पक्षांतरबंदी लागत नाही. १८ चे दोन तृतीयांश बरोबर १२. जून २०१९ मध्ये नेमके १२ आमदार टीआरएसमध्ये (पुढे बीआरएस) गेले आणि त्यांची आमदारकी शाबूत राहिली. एक आमदार आधी खासदार झाला नसता तर १३ लागले असते. २०२३ मध्ये बीआरएसचे ३९ आमदार निवडून आले. त्यांचे दोन तृतीयांश २६ होतात, आणि काँग्रेसकडे गेल्याचा आरोप झाला तो दहा जणांवर. अध्यक्षांनी अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय दिला नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. मतदाराने निवडलेला पक्ष आणि मतदाराचा आमदार ज्या पक्षात बसतो तो पक्ष, यांचा मेळ वेळेवर बघणे हा अध्यक्षपदाच्या प्रतिष्ठेचा गाभा आहे.

नऊ चौकोन, दहा नकाशे

रेषा ओढण्याच्या कामात किती ताकद आहे हे कागदावर पाहता येते. तीन ओळी आणि तीन रकाने असलेले नऊ चौकोन काढा. प्रत्येक चौकोन एक मोहल्ला. पहिल्या ओळीत अ, अ, ब. दुसऱ्या ओळीतही अ, अ, ब. तिसऱ्या ओळीत ब, ब, ब. अ पक्षाचे चार मोहल्ले, ब पक्षाचे पाच. आता तीन-तीन सलग मोहल्ल्यांचे तीन प्रभाग करायचे आहेत. आडव्या ओळी धरून प्रभाग केले तर पहिल्या दोन ओळी अ जिंकतो, तिसरी ब. मते कमी असून सत्ता अ पक्षाकडे, दोनास एक. दुसऱ्या तऱ्हेने करा. वरच्या डाव्या कोपऱ्यातले तीन अ एकाच प्रभागात कोंबा, उरलेला मधला अ त्याच्या उजवीकडच्या ब आणि त्या ब च्या वरच्या ब बरोबर जोडा, शेवटची ओळ तशीच ठेवा. आता ब पक्ष दोन प्रभाग जिंकतो. एकही मत इकडचे तिकडे झाले नाही, फक्त पेन्सिल वेगळी फिरली.

नऊ चौकोनांचे असे तीन समान आणि सलग भाग दहा तऱ्हांनी करता येतात. सोळा चौकोनांचे चार भाग ११७ तऱ्हांनी. छत्तीस चौकोनांचे सहा भाग ४,५१,२०६ तऱ्हांनी. आणि एक्याऐंशी चौकोनांचे नऊ भाग ७०६ लाख कोटींहून अधिक तऱ्हांनी. सेकंदाला एक नकाशा तपासत बसले तर सगळे पाहून व्हायला सव्वादोन कोटी वर्षे लागतील. एवढ्या नकाशांच्या ढिगातून आपल्याला सोयीचा एक उचलणे संगणक हाताशी असलेल्या पक्षाला अवघड नाही. म्हणून पेन्सिल कोणाच्या हातात आहे हा प्रश्न कळीचा.

लोकसभा आणि विधानसभेपुरती आपण ही पेन्सिल पक्षांच्या हातून काढून घेतली आहे, आणि या गोष्टीचा अभिमान वाटावा अशी ती आहे. मतदारसंघ पुनर्रचना आयोगाचे प्रमुख सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्याचे पाचपर्यंत खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसते. आयोगाचा आदेश सभागृहापुढे ठेवला जातो, सभागृहाला त्यात बदल करता येत नाही.

महापालिकेत मात्र हे कुंपण बहुतेक ठिकाणी नाही. बृहन्हैदराबाद महापालिकेत १५० प्रभाग होते. २०२० च्या निवडणुकीत टीआरएस ५६, भाजप ४८, एमआयएम ४४ आणि काँग्रेस २ असे नगरसेवक झाले. पहिल्या दोन पक्षांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता, जागांत आठांचा होता. एमआयएमने एकोणीस टक्क्यांच्या आतल्या मतांवर ४४ जागा मिळवल्या, कारण तिची मते जुन्या शहरात एकवटलेली आहेत. मते कुठे आहेत आणि रेषा कुठून जाते, या दोन गोष्टी मिळून जागा ठरतात. २०२५ च्या अखेरीस भोवतालच्या २७ नगरपालिका आणि महापालिका हैदराबादमध्ये विलीन झाल्या, क्षेत्रफळ सुमारे ६५० चौरस किलोमीटरवरून दोन हजारांच्या पुढे गेले आणि प्रभाग १५० चे ३०० आखले गेले. इतके प्रचंड काम राज्य सरकारच्या यंत्रणेने काही आठवड्यांत उरकले.

महाराष्ट्राने हा खेळ जास्त जवळून सोसला आहे. मुंबईचे २२७ प्रभाग महाविकास आघाडी सरकारने २३६ केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुढच्या सरकारने पुन्हा २२७. इतर महापालिकांत २००७ ला एका सदस्याचा प्रभाग, २०१२ ला दोन सदस्यांचा, २०१७ ला चार सदस्यांचा. मार्च २०२२ मध्ये तर कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारने स्वतःकडे घेतले. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले चालत राहिले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता.

नळाला पाणी, कचऱ्याची गाडी, दवाखाना, रस्त्यावरचा दिवा हे सगळे ज्या प्रभागाशी बांधलेले आहे, त्याची रेषा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडणे हा आपल्या लोकशाहीतला सर्वांत मोठा दुर्लक्षित अन्याय आहे. उपाय दूरचा नाही. केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या प्रभागांसाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग बसतो. तेलंगणाने आणि महाराष्ट्राने तसा आयोग कायद्याने नेमावा, प्रत्येक जनगणनेनंतर त्याने ठरलेल्या मुदतीत काम पुरे करावे, आणि दोन जनगणनांच्या मध्ये कोणत्याही सरकारला प्रभागांची संख्या बदलता येऊ नये. लोकसभेच्या वाटपासाठीही असाच ठाम नियम हवा, ज्यात दक्षिणेच्या राज्यांना दिलासा आणि मल्काजगिरीच्या मतदाराला न्याय दोन्ही बसतील.

तोवर नागरिकाच्या हातात एक हक्क आहे. प्रारूप प्रभागरचना जाहीर होते तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी थोडे दिवस दिले जातात. बहुतेक वेळा त्या खिडकीवर पक्षांचे कार्यकर्तेच दिसतात. आपल्या सोसायटीने, मोहल्ल्याने तो नकाशा उघडून पाहावा, लोकसंख्येचे आकडे तपासावेत आणि चूक दिसली तर सहीनिशी लेखी हरकत द्यावी. हरकत नोंदली की तिचा विचार करावा लागतो.